उचललेला श्वास

बाळ चौपन्न वर्षांची आहे. केस पिकलेत, जिना चढताना कठडा धरावा लागतो, आणि तरी डबिंगच्या धंद्यात लहानथोर सगळे तिला बाळच म्हणतात. परदेशी सिनेमे आपल्या भाषेत आणताना त्यातल्या पोरांचं रडणं, हुंदके, उचक्या, झोपेतलं पुटपुटणं हे सगळं ती करते. मोठ्या बायकांचे संवाद तिच्या वाट्याला कधी आले नाहीत. तिचा आवाज तसा चारचौघींसारखा. पण माइकसमोर उभं राहून डोळे मिटले की ती तान्ही होऊ शकते, चार वर्षांची होऊ शकते, तापाने फणफणलेली होऊ शकते. पूर्वी शेजारच्या स्टुडिओतली माणसं दार ढकलून बघायची, कुणी खरंच मूल आणलंय की काय. आता कुणी बघत नाही.

नवऱ्याचं नळ आणि पाइपांचं दुकान आहे. "आम्हाला मूल एकच," तो गिऱ्हाइकांना सांगतो, "पण घरात रडारड बारमाही. ही अंघोळीला गेली की आतून तान्हं रडतं. शेजारी नवीन बिऱ्हाड आलं की आधी त्यांना समजावून यावं लागतं."

ते एक मूल म्हणजे मुलगी. आता तिशीतली आहे, चष्म्याच्या दुकानात काचा घासायच्या मशीनवर काम करते, शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहते आणि रविवारी जेवायला येते. लहानपणी तिला दमा होता. वाढत्या वयात तो गेला. घरात त्याची आठवण कुणी काढत नाही. बाळ तर नाहीच नाही.

बाळला हे काम शिकवलं दैत्यकाकांनी. राक्षस, प्रेतं, पाताळातले राजे अशा सगळ्यांचे आवाज त्यांनी जन्मभर दिले. घरी मात्र दारात कुत्रं आलं तर त्याला हाकलायला बायकोला हाक मारायचे. बाळ नवखी असताना एकदा चहाच्या सुट्टीत त्यांनी तिला बजावलं होतं, "आवाज कुठूनही उचल. बसमधून उचल, बाजारातून उचल, सासूचा उचल. श्वास मात्र उचलू नकोस. तो मनाने बनवायचा."

"का हो काका?"

"आवाज माणूस ऐकतो. श्वास माणूस घेतो."

ती हसली होती. काका हसले नव्हते. "मी एकदा उचललाय," ते म्हणाले. "वडिलांचा, शेवटचा. तो सिनेमा आठवड्यात उतरला. बरंच झालं." मग त्यांनी बशीतला चहा संपवला आणि आत जाऊन कुठल्याशा पाताळात गडगडाटी हसले.

बाळने हा नियम पाळला. अर्थात उचलायचा नाही म्हणजे माइकपुढे आणायचा नाही, असा तिने त्याचा सोयीचा अर्थ लावला. ऐकायला कुणाची बंदी नव्हती. मुलीला दम्याचा झटका यायचा तो बहुतेक पहाटे. छाती आत ओढली जायची, गळ्याखाली खड्डा पडायचा, आणि श्वासाच्या टोकाला एक बारीक शीळ यायची, बंद दाराच्या फटीतून वारा यावा तशी. औषधाचा पंप उशाशीच असायचा. बाळ तो हातात घ्यायची. द्यायचीही. पण देण्याआधी थोडं ऐकून घ्यायची. फार नाही. मुलीला कधीही काही झालं नाही. डॉक्टरही म्हणाले होते, आई फार सावध आहे. तो श्वास बाळच्या आत जसाच्या तसा राहिला, आणि इतक्या वर्षांत तिने तो एकदाही बाहेर काढला नाही.

मग तो फ्रेंच सिनेमा आला.

अंगावर येणारा, काळोखा, आणि दिसायला असा की एकही चित्र डोळ्यांपुढून हलू नये. एक अख्खं शहर एका अवाढव्य कपाटात वसलेलं. माणसं खणांमध्ये राहतात. खणांच्या मुठींना दिवे टांगलेले, पतंग त्या दिव्यांची वात खातात. नगराध्यक्षाचा चेहरा कापडाचा आहे. बायको रोज सकाळी तो नव्याने भरतकाम करून देते, त्यामुळे त्याला कधी कालचं काही आठवत नाही. पाऊस पडतो तो बटणांचा. आणि दिवस संपला की एक हात, जो कधीच दिसत नाही, सगळे खण एकेक करून बंद करतो. या शहरात एक मुलगी आहे, जिला तोंडच नाही. नाकाखाली हनुवटीपर्यंत सपाट कातडी. ती बोलत नाही, रडत नाही. फक्त श्वास घेते, मानेवरच्या एका चिरेतून.

मूळ सिनेमातले श्वास फ्रेंच संवादांबरोबरच ध्वनिमुद्रित झालेले होते. संवाद काढले तसे तेही गेले. डबिंगला आलेल्या पट्टीवर संगीत होतं, बटणांचा पाऊस होता, खणांची करकर होती, पण ती मुलगी मेलेल्यासारखी गप्प. तिचा प्रत्येक श्वास नव्याने भरायचा होता. बाळला पहिल्यांदाच मुख्य भूमिका मिळाली, आणि तीत एकही शब्द नव्हता.

"वा," नवरा म्हणाला. "म्हणजे हिरॉइन झालीस आणि तोंड बंद. असा सिनेमा आपल्या घरीही काढायला हवा."

काम ठीक चाललं होतं. अडलं ते शेवटच्या प्रसंगावर. मुलगी खणात असतानाच तो हात खण बंद करतो. पडदा जवळजवळ काळा. वरच्या फटीतून उजेडाची एक रेघ, त्या रेघेत तिचा एक डोळा, आणि बराच वेळ बाकी काहीच नाही. फक्त तिचा श्वास.

बाळने दिला. डबिंगच्या दिग्दर्शिका बाईंनी काचेपलीकडून मान हलवली. "बाळताई, सुरेख आहे. पण हे डबिंग वाटतंय."

"डबिंगच आहे ना बाई."

"तेच वाटायला नको. तुम्ही घाबरल्याचा श्वास देताय. ती घाबरलेली नाहीये, तिला हवा मिळत नाहीये."

बाळने पुन्हा दिला, मग आणखी वेगळा दिला. जेवणाची सुट्टी झाली. सगळे परत आले. बाई आता नुसत्याच मान हलवत होत्या. शेवटी त्या थकून म्हणाल्या, "दुसऱ्या कुणाला बोलवू का? एवढ्यापुरतं?"

बाळने डोळे मिटले. छाती आत घेतली, गळ्याखालचा खड्डा तिला तिच्या स्वतःच्या गळ्यात जाणवला, आणि तिने आपल्या मुलीचा तो श्वास माइकमध्ये सोडला, शिळेसकट, शेवटी दमून सुटणाऱ्या उसाशासकट.

झाल्यावर तिने काचेपलीकडे पाहिलं. ध्वनिमुद्रणाचं यंत्र सांभाळणाऱ्या मास्तरांनी कानावरचे हेडफोन काढून मांडीवर ठेवले होते. ते स्वतःची कॉलर ओढत होते. "पाणी आण रे कुणीतरी," ते म्हणाले, आणि पाणी आलं तेव्हा बाळला विचारायचं सोडून स्वतःच प्यायले. "कुठून आणलास ग हा?"

"असाच. सुचला."

"हा समोरून नको," मास्तर बाईंना म्हणाले. "मागच्या भिंतीतून सोडू. लोकांना वाटू दे, खणात आपणही आहोत आणि पोरगी पाठीशी आहे."

बाईंना कल्पना फार आवडली.

बाळ घरी आली आणि त्या रात्री जेवली नाही. आठवडाभराने तिने मास्तरांना फोन केला की तो शेवटचा भाग पुन्हा करते, मला पटलेला नाही. मास्तर म्हणाले, "गेला तो. वर पाठवला, पास झाला. आणि वेडी आहेस का, आयुष्यात एवढं एकच तर खरं काम केलंयस."

प्रदर्शनाआधी निमंत्रितांचा एक खेळ होता, दुपारचा. श्रेयनामावलीत बाळचं नाव पहिल्यांदाच स्वतंत्र ओळीत येणार होतं. नवऱ्याने हे मुलीला परस्पर सांगून टाकलं, आणि रविवारी मुलगी जेवता जेवता म्हणाली, "मी सुट्टी टाकलीय."

"कशाला टाकलीस?" बाळ म्हणाली. "फार काळा सिनेमा आहे. तुला नाही झेपायचा."

"आई, मी तिशी ओलांडलीय."

"डोकं दुखेल. सगळा अंधार आहे नुसता."

"दिवसभर काचा बघते मी. अंधार बरा." मग तिने आईकडे पाहिलं. "तुला मी यायला नकोय का?"

"येऊ दे की ग," नवरा म्हणाला. "मी झोपलो तर मला उठवायला कुणीतरी हवं."

मुलगी तो श्वास ओळखेल की नाही, एवढाच प्रश्न आता बाळपुढे होता, आणि ती दिवसरात्र त्याचाच हिशेब मांडत होती. लहान होती. झटक्यात स्वतःचा श्वास कुणाला कळतो? कुणाला स्वतःचं घोरणं तरी कळतं? ओळखलाच, तर त्यामागोमाग दुसरा प्रश्न येणार होता. आई, तू हा शिकलीस कधी? पंप देण्याआधी, की दिल्यावर?

थिएटर जुनंच होतं, खुर्च्या नव्या. दारावरचा तिकीट फाडणारा माणूस बाळला ओळखीतला. नवरा आणि मुलगी पुढे गेले तसा तो हळूच म्हणाला, "बाळताई, तुमचंच काम ना ते? ती बिनतोंडाची पोर?"

"हो. का?"

"सकाळी पत्रकारांना दाखवला. शेवटाकडे लोक उठून बाहेर यायला लागले. रागावलेले नव्हते हां. नुसते येऊन उजेडात उभे राहिले आणि परत आत गेले. मी एकाला विचारलं, काय झालं साहेब? तर म्हणे, रंग फार गडद आहेत." त्याने दाराकडे पाहिलं. "मी तर बाहेर होतो. दार बंद. पडदा दिसत नाही, काही नाही. तरी मला स्टुलावर बसावं लागलं."

"वय झालं तुमचं," बाळ म्हणाली.

"तसंच असेल," तो म्हणाला. पण तो हसला नाही.

मुलगी मध्ये बसली, एका बाजूला बाप, दुसऱ्या बाजूला बाळ. सिनेमा सुरू झाला. कपाटाचं दार उघडलं, खणांमधले दिवे लागले, आणि सभागृहातून "आहा" असा एक सूर निघाला. बटणांच्या पावसाला लोक हसले. भरतकामाचा चेहरा उसवतो त्या जागी मागच्या रांगेतली एक बाई "ई" म्हणाली आणि तिच्या नवऱ्याने तिला गप्प केलं. बाळचा नवरा चक्क जागा होता. "हे कसं केलं असेल ग?" तो मुलीला विचारत होता, आणि मुलगी त्याला काचांचं आणि प्रकाशाचं काहीतरी समजावत होती.

मग तो हात आला. खण बंद झाला.

बाळने पडद्याकडे पाहिलंच नाही. ती रांगांकडे पाहत होती. आधी खोकणं थांबलं. खुर्च्यांची करकर थांबली. मग पाठीमागच्या भिंतीतून तो श्वास आला आणि पुढच्या दोन-तीन रांगांतली डोकी मागे वळली, जणू मागे कुणी उभं आहे. कुणी नव्हतं. डोकी पुन्हा पडद्याकडे गेली. आणि मग पडद्यावरच्या त्या रेघभर उजेडात बाळला दिसलं की पुढच्या माणसाचे खांदे वर जाताहेत आणि अडकताहेत. त्याच्या शेजारणीचेही. त्या सबंध रांगेचे, तिच्यापुढच्या रांगेचे, एकाच वेळी वर, एकाच वेळी अडकून, एकाच वेळी खाली. कुणालाही त्याची जाणीव नव्हती. सगळे टक लावून चित्र पाहत होते. सभागृह भरून एक बारीक शीळ येत होती, आणि ती भिंतीतून येत होती की माणसांतून, हे बाळला, जिने ती तयार केली होती तिला, सांगता येईना. तिची स्वतःचीही छाती त्याच तालावर चालली होती. ती थांबवायला गेली तर थांबेना.

कुणीतरी उठलं, बाहेरचं दार उघडून उजेडात जाऊन उभं राहिलं. मग आणखी एक जण. नवऱ्याने शर्टाचं वरचं बटण काढलं.

बाळने धीर करून मुलीकडे कान दिला. मुलगी सावकाश श्वास घेत होती. सरळ, शांत, दुपारी वाचत पडलेल्या माणसासारखा. त्या अख्ख्या अंधारात ती एकटीच आपला श्वास घेत होती.

ओळखला नाही, बाळला वाटलं. तिने सुटकेने खुर्चीला पाठ टेकली.

दिवे लागले. टाळ्या पडल्या, जरा उशिरा. बाहेरच्या मोकळ्या जागेत लोक घोळक्याने उभे होते आणि सगळे चित्रांबद्दल बोलत होते. कुणी म्हणत होतं, असा हिरवा रंग आयुष्यात पाहिला नाही. चित्रकला शिकणारी पोरं वातींवर जगणारे पतंग हवेत बोटांनी काढून दाखवत होती. एका निवृत्त शाळामास्तरांचं म्हणणं होतं की कपाट म्हणजे समाज. दुसऱ्यांचं म्हणणं, कपाट म्हणजे कपाट, आणि फ्रेंच लोकांना जागेची फार टंचाई असावी. मागच्या रांगेतली ती बाई नवऱ्याला सांगत होती, "छान होता, पण मला घरी जाऊन सगळ्या खिडक्या उघडायच्यात." श्वासाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. बोलता बोलता मात्र प्रत्येक जण वाक्याच्या मध्येच थांबत होता, छाती आत ओढत होता, आणि मग पुढे बोलत होता.

"मला गोष्ट काही कळली नाही," नवरा म्हणाला. "घसा तेवढा कोरडा पडला. तू होतीस कुठे ग त्यात?"

"सगळीकडे होती, बाबा," मुलगी म्हणाली. "तुम्ही गाडी काढून आणा. आम्ही इथे थांबतो."

तो गेला. बाजूला एक जिना होता, वरच्या बंद पडलेल्या बाल्कनीकडे जाणारा. मुलगी त्याच्या पहिल्या पायरीवर बसली आणि तिने शेजारची जागा थोपटली. बाळ बसली.

"चांगलं झालंय काम," मुलगी म्हणाली. "फक्त तो शेवटचा उसासा चुकलाय."

बाळने मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"जिथे ती दमून सोडते ना. तो तसा नव्हता. म्हणजे खऱ्यात तसा नव्हता. तो मी तुझ्यासाठी घालायचे."

"माझ्यासाठी?"

"तू बसायचीस ना पंप हातात धरून. मान अशी एका बाजूला करून. एरवी तू माझं कधी एवढं ऐकलं नाहीस, आई. शाळेतलं काही सांगायला लागले की तू तोंडाने कुणाचं तरी रडणं घोकत असायचीस. पण तेव्हा ऐकायचीस. मग मी जरा लांबवायचे, शीळही घालायचे. तो उसासा मला आवडायचा, म्हणून शेवटी तो जोडायचे. पुढे पुढे तर दमा नसतानाही केलाय दोन-तीनदा." ती हे सगळं तक्रार नसल्यासारखं सांगत होती, दुकानात गिऱ्हाइकाला चष्म्याचा नंबर सांगावा तसं. "आत सगळे तो घ्यायला लागले तेव्हा मला जरा हसूच आलं. इतकी मोठी माणसं, आणि माझं नाटक घेताहेत."

बाळला खूप काही विचारायचं होतं, माफीचंही काही बोलायचं होतं. पण तिच्या तोंडून निघालं ते वेगळंच. इतकी वर्षं ज्या श्वासाला ती अस्सल समजून जपत होती, तो बनावट निघाला होता, आणि धंद्यातलं माणूस अशा वेळी एकच प्रश्न विचारतं.

"मग खरा कसा होता?"

मुलीने तिच्याकडे पाहिलं. मग तिने पाठ जिन्याला टेकली, खांदे उचलले, गळ्याखाली बारीकसा खड्डा पडला, आणि ती श्वास घ्यायला लागली. हा वेगळा होता. याला शीळ नव्हती. याला आवाजच जवळजवळ नव्हता, नुसती एक ओढ होती, खालून वर, आणि वर पोचायच्या आधीच ती तुटत होती. बाहेर उभ्या असलेल्या लोकांमधले एक-दोन जण बोलायचे थांबले आणि इकडेतिकडे पाहू लागले.

बाळची मान एका बाजूला कलली होती. डोळे अर्धवट मिटले होते, आणि तिचे ओठ अगदी थोडे, मुलीच्या ओठांबरोबर, हलत होते.

मुलीला ते दिसलं. ती थांबली. उरलेला श्वास तिने नाकाने, साधा, पूर्ण आत घेतला आणि ओठ मिटले.

"पुढचा नाही," ती म्हणाली.

"एकदाच."

"नाही, आई. हा माझ्याकडेच राहू दे."

बाहेर नवऱ्याने हॉर्न वाजवला. मुलगी उठली, तिने आईला उठायला हात दिला, आणि गाडीपर्यंत ती बाळच्या दोन पावलं पुढे चालत राहिली, तोंड घट्ट मिटून.